पिंपळाला बांधलेली होडी

बुलढाणा जिल्ह्यात शिडाची होडी म्हटलं की लोक आधी हसतात. एकदा चिखलीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, काय करता? म्हटलं, आम्ही होडी चालवतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी विमान चालवते म्हणाले. समुद्र कुठं, उंद्री-चिखली कुठं! पण धरण झालं आणि ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांनी काहीतरी करायचं होतंच. माझ्या सासरच्या वस्तीतले काही पुण्याला गेले, काही वीटभट्टीला लागले. माझ्या सासऱ्यांनी पाणी धरलं. जिथं आपलं वावर होतं तिथंच राहायचं, आता वर पाणी आलं तर आलं, असं त्यांचं म्हणणं. माणूस हट्टी होता. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिला धसका मला सासूचा नाही, त्यांच्या होडीचा बसला होता. सासूबाई तर मी यायच्या आधीच गेल्या होत्या.

होडी पत्र्याची. तिला बांबूची डोलकाठी आणि तिच्यावर निळी ताडपत्री. दिवसा ती शीड, संध्याकाळी काठावर तिचाच तंबू. हे डोकं मामाजींचं. मी सासऱ्यांना मामाजी म्हणायची. दुपारनंतर धरणावर पश्चिमेचा वारा सुटतो, तो फुकट वाया काऊन घालवायचा, असं ते म्हणत. बाकीचे मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं पाणी मारत जायचे आणि आमचं शीड पाहून ओरडायचे, "ओ मुंबईवाले!" मामाजींना ते फार आवडायचं. ते हात वर करायचे, पुढाऱ्यासारखा.

दिवाळीनंतर आम्ही तिघं, म्हणजे मामाजी, माझा नवरा आणि मी, आठ-आठ दिवस पाण्यावरच असायचो. एवढ्या दिवसांत मासे धरणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे मुक्काम शोधणं. होडी कुठं बांधायची, पीठमीठ कुठं मिळेल, प्यायचं पाणी कुठं, वारा कुठं लागणार नाही, फोनला रेंज कुठं येईल. सगळं एका ठिकाणी कधीच मिळत नाही. संसारातही मिळत नाही म्हणा.

खडकाचा घाट म्हणून एक जागा आहे. डांबरी रस्ता थेट पाण्यात उतरतो, कारण तो जुन्या गावाला जाणारा रस्ता होता आणि गावच आता खाली आहे. तिथं एक टपरी आहे, पीठ, तेल, चहापत्ती, बिस्किटं सगळं मिळतं. मासे घ्यायला व्यापारी बर्फाचा डबा घेऊन तिथंच येतो. येतो म्हणजे कधी येतो, कधी येत नाही, भरवशाच्या म्हशीला टोणगा. पण वारा येतो तो त्याच बाजूनं. दुपारनंतर तिकडं जायचं तर वल्हं मारून खांदे उतरतात आणि रात्री वारा फिरला की होडी खडकावर डोकं आपटत राहते.

दुसरी जागा एका गावाखाली. गावात हापशी आहे, पाणी गोड. पण काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी, त्यांच्या वायरी पाण्यात लोळतात. पाय टाकताना जीव मुठीत धरावा लागतो. आणि हापशीवर आम्ही गेलो की तिथल्या बाया आधी आपापल्या घागरी उचलून बाजूला घेतात. आम्हाला नाही म्हणत नाहीत. हसून बोलतात, मासे कसे दिले विचारतात. फक्त घागरी सरकतात. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मला त्या पाण्याचा घोट गोड लागत नसे. मामाजी म्हणत, "पाणी तं पाणी हाये माय, तू भर." मी भरायची, पण मनातल्या मनात चार शिव्या देऊन.

तिसरी जागा आमची. म्हणजे खरोखर आमचीच. पाण्याखाली तिथं आमची जुनी वस्ती आहे. वस्तीच्या विहारापुढं पिंपळ होता, तो पाण्यात वाळून गेला पण उभा राहिला. पांढरा, बिनसालीचा, दोन फांद्या वर. आमच्यातला कुणीही मासे धरणारा तिथं आला की त्या पिंपळाला होडी बांधतो आणि बांधायच्या आधी हात-तोंड धुतो. त्याचं लाकूड कुणी तोडत नाही, सरपणाची कितीही अडचण असली तरी. आणि वस्तीवर जाळं टाकायचं नाही, हा दंडक. मासे सगळ्यात जास्त तिथंच, पडक्या भिंतींच्या आडोशाला. माझा नवरा एकदा जाळ्याला हात घालून बसला होता. मामाजी कडाडले, "ज्या घरात जेवला त्याच घरावर जाळं टाकतं काय बे?" हे गपचूप जाळं गुंडाळून बसले. मला हसू आलं, पण तोंड फिरवून हसले.

पिंपळाचा मुक्काम सोयीचा होता तो गाडवाटेमुळं. धरण भरलेलं असलं की होडी थेट काठाला लागते, प्रश्न नाही. पण हरभऱ्याला-गव्हाला कालव्यातून पाणी सोडलं की धरण उतरतं, काठ लांब जातो आणि मधे काळा गाळ उघडा पडतो. वरून तो सुकल्यासारखा दिसतो. आमच्या डोळ्यांदेखत त्यात एक म्हैस गेली होती, शिंगं तेवढी दिसत होती आणि मालक काठावर रडत होता. अशा गाळात फक्त एक पट्टा टणक होता, वस्तीतून वर टेकाडाला जाणारी जुनी गाडवाट. मुरमाची. मामाजींच्या बापानं आणि वस्तीतल्या लोकांनी स्वतः मुरूम टाकून केलेली, कारण गावातल्या रस्त्यानं तेव्हा यांच्या गाड्या जाऊ देत नसत. पाणी उतरलं की पिंपळापासून त्या वाटेवर उतरायचं आणि तरातरा वर जायचं. वर गेलं की शेतरस्ता, पुढं गाव, दुकान, सगळं. मामाजी डोळे मिटून त्या वाटेनं चालायचे. खरंच मिटून, मला दाखवायला.

त्या वर्षीचा उन्हाळा आम्ही जळगाव जामोदकडं वीटभट्टीवर काढला. परत आलो तेव्हा पाऊस लागून गेला होता आणि धरण चढलं होतं. नेहमीसारखं सामान भरलं, शिडाला दोन ठिगळं लावली आणि निघालो.

मामाजींना दमा होता. थंडीत वाढायचा, मग उतरायचा. दिवाळीनंतरच्या एका फेरीत सकाळपासून तो उतरेचना. बसले तर श्वास नाही, आडवे झाले तर मुळीच नाही. दुपारपर्यंत ओठ निळे पडले. आम्ही धरणाच्या मधोमध होतो. ह्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पलीकडचा माणूस विचारत होता, कुठं येऊ? ह्यांनी आमच्याकडं पाहिलं.

वाद झालाच नाही. घाट वाऱ्याच्या उलट्या दिशेला, तासन् तास वल्हवावं लागलं असतं. हापशीच्या गावाखाली पाणी उतरलं की नुसता गाळ. पिंपळ वाऱ्याच्या वाटेवर. कालव्याला पाणी सोडून आठ-दहा दिवस झाले होते, म्हणजे धरण उतरलेलं, म्हणजे गाडवाट उघडी. मामाजीच तुटक तुटक बोलले, "पिंपळाले चाल. वाट हाये थेथ." आम्हा दोघांनाही तेच सुचलं होतं. ह्यांनी फोनवर टेकाडाचा पत्ता सांगितला आणि शीड सोडलं.

वारा चांगला होता. मामाजी माझ्या गुडघ्यांना पाठ टेकून बसले होते, त्यांची पाठ भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तरीही बोटानं खुणा करत होते, दोरी सैल सोड, आता ओढ. होडी इतकी जोरात मी कधी जाताना पाहिली नव्हती. पिंपळ दिसला आणि त्याच्यामागं टेकाडावर पांढरी गाडी दिसली. ॲम्ब्युलन्स आमच्याआधी येऊन उभी होती! मी रडले. आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "मामाजी, गाडी आली." त्यांनी मान हलवली. ह्यांनी पिंपळाला होडी बांधली. एवढ्या घाईतही आधी पाण्यात हात घालून तोंडावरून फिरवला.

मग हे वाटेवर उतरले आणि कमरेपर्यंत खाली गेले.

मला वाटलं पाय घसरला. ते होडीच्या काठाला धरून वर आले, दोन हात बाजूला सरकले, पुन्हा उतरले, पुन्हा तेच. मग वल्ह्याचा बांबू घेऊन चाचपायला लागले. इथं, तिथं. बांबू जिथं घालावा तिथं सरळ आत जायचा, लोण्यात घातल्यासारखा. "येथच होती," ते म्हणत होते, "येथच होती ना वं?" मी पिंपळाकडं पाहिलं, टेकाडाकडं पाहिलं. जागा तीच होती.

काठावरून एक शेतकरी हातवारे करत ओरडला, "तिकून येऊ नका भाऊ! उन्हाळ्यात जेसीबीनं मुरूम नेला थेथला समदा! मोठाले खड्डे हायेत, गाळानं भरले!"

आम्ही वीटभट्टीवर होतो तेव्हा नेला होता, आणि आल्यापासून धरण भरलेलं म्हणून त्या वाटेवर पाय टाकायची वेळच आली नव्हती. पावसानं खड्डे बुजवले, वरून पाणी चढलं, आणि आता पाणी उतरल्यावर सगळीकडं सारखाच काळा गाळ. ॲम्ब्युलन्सची दोन माणसं स्ट्रेचर धरून गाळाच्या कडेला उभी होती. त्यांचे चेहरे दिसत होते. एकानं डोक्याला रुमाल बांधला होता, तोही दिसत होता.

"काऊन थांबला?" मामाजींनी विचारलं.

"पाणी जरा जास्त आहे मामाजी. उतरतोच आहोत."

त्यांनी माझं ऐकलं नाही. ते वाटेकडंच पाहत होते. मग त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "वाट नाई काय?"

"आहे," मी म्हटलं.

घाटाकडं वळायचं तर वारा समोरून आणि गाडीला अख्ख्या धरणाला वळसा. ह्यांनी शिडाच्या दोऱ्या कापल्या. ताडपत्री गाळावर पसरली, तिच्यावर मामाजींना निजवलं, आणि स्वतः पोटावर सरपटत पुढून ओढायला लागले. मी मागून ढकलत होते. काठावरच्या शेतकऱ्यांनी, हे मात्र सांगायलाच हवं, कपाशीच्या पऱ्हाटीच्या पेंढ्या आणून भराभर गाळावर टाकल्या, तेही छातीपर्यंत आत आले. त्यात हापशीच्या गावातलेही लोक होते. पेंढीवर हात टेकायचा, ओढायचं, पुन्हा पेंढी. मी मामाजींच्या पायांकडं होते. त्यांना निजवायला नको होतं, निजलं की श्वास थांबतो, मला माहीत होतं, पण बसवलं असतं तर ताडपत्री एका जागी रुतली असती. मी त्यांच्या अंगठ्याला धरून ठेवलं होतं. अर्ध्यावर कुठंतरी तो अंगठा नुसता अंगठा राहिला. मी कुणाला सांगितलं नाही. हे ओढत होते, त्यांना ओढू दिलं.

काठावर रुमालवाल्या माणसानं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली. गाळानं माखलेला माझा नवरा त्याच्या समोर उभा होता. तो माणूस बिचारा भला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. म्हणाला, "आम्ही तं लवकर आलो होतो हो दादा. नवा रस्ता मस्त झाला, एक धक्का बसला नाई."

"त्याच रस्त्यात गेला ह्यायचा मुरूम," शेतकरी म्हणाला.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग म्हणावा तर राग कुणावर करायचा? गाडी आणणाऱ्यावर? रस्ता करणाऱ्याला त्या मुरमाखाली कुणाचे हात आहेत हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्यानं नेलाच असता. कागदोपत्री धरणाच्या पोटातली जमीन कुणाचीच नाही. पण मला राग आला. अजून येतो. त्या रस्त्यानं एसटी मेहकरकडं निघाली की सगळे गार झोपतात, खरंच एक धक्का बसत नाही. मी जागी असते.

मामाजींना पुनर्वसनाच्या वस्तीत नेलं, त्रिशरण झालं, माती झाली. ताडपत्री आम्ही तीनदा धुतली. गाळाचा डाग गेला नाही. नवी घ्यावी असं दोघांनाही वाटलं नाही, तीच पुन्हा बांबूला बांधली. वस्तीवर अजून जाळं टाकत नाही. पिंपळाला अजून होडी बांधतो, हात-तोंड धुऊन, पण तिथं उतरत नाही.

एक मात्र बदललं आहे. कुठलाही मुक्काम असो, घाट असो की हापशीचं गाव, होडी काठाला लागली की मी ह्यांना बसवून ठेवते आणि आधी बांबूनं तळ चाचपते. वर्षानुवर्षं उतरत आलेल्या जागीसुद्धा. ह्यांना कधी कधी कंटाळा येतो.

"काल येथच उतरलो ना वं आपन," ते म्हणतात.

"हो," मी म्हणते, "काल होती जमीन." आणि बांबू खाली सोडते.