मामाजींचं रुसणं आणि माझं एचआर

एमबीएला एचआर घेतलं असं घरी सांगितलं, तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "म्हंजे पास झाल्यावर करशीन काय?"

मी म्हटलं, "माणसं सांभाळीन."

"मंग त्याच्यासाठी अमरावतीले जायची काय गरज? घरात काय कमी हायेत?"

आमच्या अकोल्याच्या खानदानात इंजिनिअर कळतो, मास्तर कळतो, तलाठी तर फारच चांगला कळतो. एचआर कोणालाच कळेना. काका शेजाऱ्यांना सांगायचे की पोट्टी हॉटेलचं काहीतरी शिकून राहिली. मी चिडायचे, समजावून सांगायचे, आणि सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणायचे, "तेच न, हॉटेलचं." शेवटी मी नाद सोडला आणि बॅग घेऊन अमरावतीची गाडी पकडली.

तिथे दुसऱ्या वर्षाला ज्ञान व्यवस्थापन नावाचा पेपर होता. सर फार मन लावून शिकवायचे. म्हणायचे, संस्थेचं खरं ज्ञान फायलीत नसतं, माणसांच्या डोक्यात असतं. माणूस गेला की तेही गेलं, म्हणून तो असतानाच त्याच्याकडून काढून घ्यायचं. याच्यावर प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्यांनी बँका घेतल्या, सूतगिरण्या घेतल्या. मी आमच्या घरची लग्नं घेतली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लग्न ही संस्था आहे का?"

"सर, विवाहसंस्था म्हणतात न."

सर हसले आणि सही केली. मला वाटलं, बाजी मारली. कारण माझ्या चुलत ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात अकोल्यात होतं आणि आमच्या घरच्या लग्नात एक असं ज्ञान होतं, जे खरोखरच माणसासोबत गेलं होतं. ते म्हणजे मामाजींना मनवायचं ज्ञान.

मामाजी म्हणजे आमच्या आत्याचे यजमान, घरचे थोरले जावई. मांडवाची पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, जावयाने रोवायचा, ही आमच्याकडची रीत. त्याला टोपी-दुपट्टा द्यायचा, कुंकू लावायचं, मग त्याने खड्ड्यात मेढ उभी करायची, की लग्न लागलं कामाला. आणि मामाजी प्रत्येक लग्नात, बरोब्बर मेढीच्या वेळेला रुसायचे. कधी चहा थंड होता, कधी कोणी 'या' म्हटलं नाही. एकदा तर चहा गरम होता म्हणून रुसले. मग मोठे बाबा, म्हणजे ताईचे वडील, उठायचे. ते आणि मामाजी लहानपणचे दोस्त, दोस्तीतूनच सोयरिक झालेली. मोठे बाबा जाऊन मामाजींच्या कानात काहीतरी बोलायचे, आणि मामाजी निमूट उठून यायचे. काय बोलायचे ते कोणालाच माहीत नव्हतं.

मोठे बाबा दोन वर्षांमागे गेले. त्यामुळे ताईच्या लग्नात सगळ्यांना काळजी होती ती याचीच. ताईने तर आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा म्हनत, तुया मांडवाची मेढ माया दोस्तच रोवीन. मामाजी नाई तं मेढ नाई." मोठी आई, म्हणजे ताईची आई, हे ऐकून पदराने डोळे पुसायची आणि आम्हाला ओरडायची, की मामाजीचा चहा पाहा.

चहा पाहिला. गरमही नव्हता, थंडही नव्हता. टोपी आणली, दुपट्टा आणला, आत्याला विचारून मधलं आसन मांडलं. खड्डा तयार, भटजी तयार. आणि मामाजी नाहीत! शोधलं तर मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसलेले. घरातला एकुलता एक चालू कूलर त्यांनी स्वतःकडे फिरवून घेतला होता. अकोल्याच्या उन्हात वऱ्हाडी मंडळी भाजून निघत होती आणि हा माणूस गारेगार रुसला होता.

"काहून रुसले?" काका म्हणाले.

"कोनाले माहीत बाप्पा," आत्या म्हणाली. तिला काही विशेष वाटत नव्हतं, ती लाडू वळत होती.

तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, थांबा. हा माझा विषय आहे.

तक्रार निवारण शिकलेली होते मी. त्यात सांगितलेलं असतं की तक्रार दाबू नये, तिला वाट द्यावी, आणि सगळ्यांना समान संधी द्यावी. मी पडवीतच खुर्च्या गोल मांडल्या. घरच्या सगळ्या जावयांना बोलावलं, म्हणजे मामाजींना एकटं वाटणार नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि अगदी शांत आवाजात म्हटलं, "तुम्हाला या घराबद्दल जे काही वाटतं, ते मोकळेपणाने बोला. कोणी रागावणार नाही."

अरे देवा. आजवर एकच रुसत होता. बाकीच्यांना आपल्यालाही रुसता येतं हे माहीतच नव्हतं. धाकटे जावई आधी लाजले, मग म्हणाले, "तसं काही नाई, पन मायाच पानात दर येळेस बुंदी कमी असते." परतवाड्याच्या जावयांना आठवलं की त्यांच्या स्वतःच्या लग्नातला फोटो या घरात कुठेच लावलेला नाही. नवे जावई, ज्यांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, ते तर रडवेले झाले. म्हणे सासरी त्यांना कोणी नावाने ओळखत नाही, नुसतं 'नवा' म्हणतात. मी मान हलवत राहिले, कारण ऐकणाऱ्याने मान हलवावी असंही शिकवलं होतं. बोलणं संपलं तेव्हा सगळे जावई कूलरकडे तोंड करून बसले होते.

आणि मामाजी? त्यांनी खुर्ची भिंतीकडे आणखी सरकवली.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथेच विरघळले. "हेच शिकवतेत काय व तुमच्या हॉटेलात?"

"मले जरा वेळ द्या, मी एकेकाशी वेगळं बोलते."

"आता बोलू नको! हात जोडतो तुले!"

भटजी घड्याळ पाहायला लागले. काका म्हणाले, मुहूर्त टळून राहिला, मीच रोवतो मेढ. मोठी आई खड्ड्याजवळच खाली बसली. मला खरंच रडू फुटलं. प्रोजेक्ट गेला चुलीत. पण ताईला तेवढी एकच गोष्ट हवी होती, आणि मी तिचा पार बट्ट्याबोळ केला होता.

तेवढ्यात आतून ताई आली. अंगाला हळद, केस मोकळे. नवरीने असं बाहेर येऊ नये म्हणून बाया ओरडल्या. तिने कोणाकडे पाहिलं नाही. सरळ पडवीत गेली, कूलरचं बटन बंद केलं, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऊठ बे मारोती! का इथंच देऊळ बांधू तुयं?"

दोस्ताने दोस्ताला म्हणायचं ते 'बे' भाचीने थोरल्या जावयाला म्हणावं! आत्याच्या हातातला लाडू फुटला. मामाजी हळूहळू वळले. मला वाटलं, आता गेलं लग्न.

"हे तुले कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"मी बाबाच्या कडेवर असायची न, मामाजी. हरेक लग्नात." ताई त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. "तुमाले काय झालं, सांगा न."

"मले काय होते?" मामाजी म्हणाले. "सकाळी आलो आन् वाटलं, आता आपून रुसलो तं येईन कोन? म्हनून बसून पाह्यलं." आणि तो एवढा मोठा माणूस खांद्यावरच्या जुन्या दुपट्ट्याच्या टोकात तोंड घालून ढसाढसा रडला. मग बाकीचे जावईही उठले. नव्या जावयाने तर मामाजींना हात दिला.

मेढ मामाजींनीच रोवली. जराशी तिरपी रोवली. भटजी सरळ करायला गेले तर मोठी आई म्हणाली, राहू द्या.

पंगतीत मी धाकट्या जावयांना दोनदा बुंदी वाढली आणि तोंड लपवत मामाजींच्या पानाशी आले. ताई त्यांच्या शेजारीच बसली होती.

"उद्या तू तं सासरी चालली," मामाजी तिला म्हणाले. "पुढच्या लग्नात मले कोन मनवीन?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे हाय न. हे त्याचंच शिकून राहिली."

मामाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी मुलाखत घ्यायला बसल्यासारखं. "हिले 'बे' म्हनता येते का?"

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं, डोळे भरून आले होते.

"येते बे," मी म्हटलं.