सगुणाचे मामा

"नंबराला भूक लागती व्हय, ताई?"

माकडांना नावाने हाक मारायची नाही, नंबरानेच ओळखायचं, असं मी बजावलं की मामा हे विचारायचे आणि शेंगदाण्यांचं ताट पुढे सरकवायचे.

आमच्या प्रयोगशाळेत ते माकडांची देखभाल करायचे आणि मी जनावरांची डॉक्टर. मी बीडची, ते पाटोद्याकडच्या मेंढपाळाच्या घरातले, त्यामुळे परक्या शहरात आमचं लगेच जमलं. भेटताच "लिंबागणेशला पाऊस हाय का?" हा पहिला प्रश्न. जसं काही हवामान खातं माझ्याकडेच होतं!

गोचिडांमुळे होणाऱ्या रक्तस्रावी तापावर आम्ही डीएनए लस तपासत होतो. विषाणूच्या जनुकाचा तुकडा टोचला की शरीर शत्रूला आधीच ओळखू लागतं, असं मी समजावलं.

"म्हंजी कुत्र्याच्या पिल्लाला लांडग्याचा वास द्यायचा," मामा म्हणाले.

त्यांचा धाकटा भाऊ मेंढ्यांच्या गोचिडी काढता काढता अशाच तापाने गेला होता. ही लस व्हावी असं आमच्या साहेबांपेक्षा त्यांनाच जास्त वाटायचं.

पण सगुणा नावाच्या माकडिणीवर त्यांचा भारी जीव. तिला लस टोचून झाली होती. आता विषाणू देण्यासाठी तिला बंद विभागात न्यायचं होतं. तिथून कुठलंच जनावर परत येत नाही. वाचलेलंही कायमचं झोपवून तपासतात. मामांना हे ठाऊक होतं.

तिला न्यायच्या दिवशी कॅमेऱ्यात सगुणाचं कपाळ पिवळंधमक दिसलं. साहेबांनी "कावीळ, कावीळ" करत मजला डोक्यावर घेतला. निघाली देवाच्या भंडाऱ्याची हळद!

"अहो मामा, हा प्रयोग आहे!"

"व्हय की साहेब. कळप चराईला निघाला की आमी लावतोच. सुकरूप ऱ्हावा म्हून."



विषाणू दिल्यावर लस न टोचलेली माकडं तापाने फणफणली. सगुणाला साधी कणकणसुद्धा आली नाही. साहेबांनी पेढे वाटले. मी मामांचा पेढा घेऊन माकडघरात गेले.

"लस लागू पडली, मामा."

"आन सगुणा?"

"सकाळी झोपवलं. त्रास नाही झाला तिला."

मामांनी पेढा बाजूला ठेवला. मग त्यांनी शर्टाची बाही दंडापर्यंत वर सारली.

"मंग माणसातली पयली सुई मला द्या. तिनं सोसलं, आता मी सोसतो."

मला रडू आवरलं नाही.

निवृत्त होऊन ते गावी गेले. माणसांवरच्या चाचण्या अजून सुरू व्हायच्या आहेत. परवा त्यांच्या मुलाचा फोन आला, मामा गेले. बीडच्या दवाखान्यात होते. नर्सबाई सुई घेऊन आली की स्वतःच बाही वर करायचे आणि विचारायचे, "हीच का ती?"

नर्सबाईला काय कळणार! ती आपली "हो बाबा, हीच" म्हणायची. मग मामा हात पुढे करायचे.