पूर्णेकाठचे आगंतुक

पावसाळ्यात बायकोचं ऑपरेशन झालं आणि ती बरी झाली, असं डॉक्टर म्हणाले. रिपोर्ट बरे, टाके बरे. फक्त ती जेवत नव्हती. ताट समोर आलं की दोन घास चिवडायचे आणि सरकवून द्यायचं. "आता औषध नाही, आता पोटभर जेवण," असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. मी मऊ भात, मुगाचं वरण, पेज, सगळं करून पाहिलं. तिला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नव्हतो, चमचासुद्धा उचलू देत नव्हतो. मुलगी पुण्याहून फोन करून "आई जेवली का?" विचारायची आणि मी "हो, छान जेवली" म्हणून ठोकून द्यायचो. दिवाळी गेली, तुरी शेंगांनी भरल्या, ही मात्र वाळतच चालली. आता हिला असंच हातातून निसटताना बघायचं की काय, या विचाराने रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचो. काळजीने माणूस मऊ होतो म्हणतात. मी तर नुसता खेकसायला लागलो होतो.

थंडीत एका रविवारी तीच म्हणाली, "मले कुठीतरी घेऊन चाला." म्हणून अकोल्याहून गाडी काढली आणि पूर्णेकाठचं जुनं महादेवाचं देऊळ पाहायला गेलो. सोबत डब्यात माझ्या हातची खिचडी, म्हणजे शिक्षाच.

देऊळ काळ्या दगडाचं. खांबांवरची फुलं, वेली इतक्या शतकांचा पाऊस खाऊनही शाबूत. दगड थंडगार होते. ती एका खांबाला टेकून बराच वेळ बसली. खाली पूर्णा. आमच्याकडची ही नदी दिसायला काही नखरेल नाही. मातीच्या उभ्या दरडी आणि तळाशी एका अंगाने वाहणारी धार. पण त्या दिवशी पाण्यावर एक खंड्या सूर मारत होता, काठाने हरभरा आणि वांग्याचे वाफे हिरवेगार होते, आणि ऊन अगदी अंगावर घ्यावं असं. एवढं सगळं अकोल्याहून इतकं जवळ आहे आणि आम्ही कधी आलो नव्हतो.

देवळामागे बाभळींखाली धूर निघत होता. निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण होतं. गावातल्या एका माळी कुटुंबाने मुलीचं लग्न जमलं तर महादेवापुढे रोडगे घालू असा नवस केला होता. लग्न जमलं, आणि अंजनगावकडचे नवे सोयरे गाडी भरून आले होते. आम्ही उभे राहून पाहत होतो, एवढाच आमचा संबंध.

तेवढ्यात नवरदेवाच्या आजीने माझ्या बायकोला हेरलं. सोयऱ्यांनी अशा वेळी बसून मान घ्यायचा असतो, त्यामुळे आजीबाई सतरंजीवरूनच हुकूम सोडत होत्या. त्यांना वाटलं, ही मुलीकडची.

"काहून उभी वो बाई? तुमच्या साऱ्या बाया कामाले लागल्या. जाय, वांगे चिर."

मी काही बोलायच्या आत ही जाऊन विळीवर बसली. मुलीकडच्या बायकांना वाटलं, ही सोयऱ्यांची. त्या घाबरल्याच. "अवो, तुमी कावून चिरून राहिल्या? उठा बरं, लोकं आमाले नावं ठेवतीन!" ही उठली नाही. वांगी झाली तशी परातीकडे सरकली. तेलाचा हात लावून कणकेच्या पाऱ्या एकावर एक ठेवायच्या, वरून आणखी एक पारी गुंडाळायची, गोळा गच्च वळायचा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजू लागले तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि ती कोणाशी तरी हसत होती. मी दूर, सोयऱ्यांच्या सतरंजीच्या कडेला जीव मुठीत धरून बसलो होतो. टाके दुखले म्हणजे?

मग मुलीचे वडील सोयऱ्यांना टोपी-दुपट्टा द्यायला निघाले. माझ्यापाशी आले, गंध लावलं, आणि अदबीने विचारलं, "तुमी नवरदेवाचे कोन?"

शेजारी बसलेले एक सोयरे म्हणाले, "हे? हे तं तुमच्याकडचे ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कसंबसं खरं ते सांगितलं, हात जोडले, आणि तडक बायकोकडे गेलो.

"चाल, निंघू. आपन कोनाचेच नाही इथं."

तिने मान वर केली. हाताला कणीक, गालाला राख.

"जायचं असन तं तुमी जा. मले भूक लागली."

पावसाळ्यापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो.

सतरंजीवरून आजीबाई कडाडल्या, "वांगे तिनं चिरले, रोडगे तिनं वळले, अन् ते उपाशी जाईन काहून? बसवा त्याईले!" मुलीच्या वडिलांनी हसत माझ्या डोक्यावर टोपी ठेवलीच.

पंगत बसली. रोडगा मुठीने फोडून तिने वर तूप घेतलं, वरण ओतलं, वांग्याची झणझणीत भाजी ओढली आणि जेवू लागली. कोणी आग्रह करत नव्हतं. ती मागून घेत होती. त्या घरच्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत, पण त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मी नुसता तिच्याकडे पाहत होतो.

"पाह्यता काय? जेवा नं," ती म्हणाली. मग थांबली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "अन् आरशात पाह्यलं का सोताले? किती वाळून गेले तुमी!"

तिने आपल्यातला अर्धा रोडगा माझ्या पत्रावळीवर ठेवला. इतक्या महिन्यांत माझ्या ताटात काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी खाली मान घालून जेवलो.