घाई कुणासाठी

परवा रक्त द्यायला गेले. हातावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या थंड, झोंबऱ्या वासासरशी मी आयर्लंडमधल्या ट्रली गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले.

मी पंधरा वर्षांची होते. मैदानावर सोललेलं माझं कोपर आई स्पिरिटने पुसत होती. इथल्या माध्यमिक शाळेत चौथं वर्ष परीक्षेविना जातं, आणि हवं तर ते गाळता येतं. ते गाळलं तर मेडिकलला वर्षभर आधी अर्ज करता येणार होता.

"वर्ष वाया कशाला घालवायचं?" बाबा म्हणाले.

"आई, एमबीबीएस तू आहेस. तूच सांग."

"इथे मी डॉक्टर नाही गं. बाबांच्या नोकरीच्या परमिटवर आलेय, मला काम करायची परवानगीच नाही."

मी हादरले. मला वाटायचं, आमच्यासाठी ती हौसेने घरी राहिली.

"तिला कशाला सांगतेस हे?" बाबा पुटपुटले.

"विचारलं तिने."

एवढं बोलून तिने नीट पट्टी बांधली. तिचा आवाज जराही चढला नाही, याचाच आज जास्त संताप येतो.

मी ते वर्ष गाळलं नाही. शिकलेल्या डॉक्टरला घरी बसवणाऱ्या देशासाठी मी कशाला घाई करायची?