काकांचे समुद्रपक्षी

मी कॉलेजात गेलो तो गावच्या शाळेतल्या सावंतबाईंमुळे; त्यांनीच मला शहरात धाडलं.

नव्वदच्या दशकात जर्सी सिटीत माझ्या शेजारी एक निवृत्त डॉक्टरकाका राहत. एकदा न्यूयॉर्कला लिलावासाठी मांडलेलं समुद्रपक्ष्यांचं एक आधुनिक चित्र बघायला लिलावाआधी आठवडाभर ते रोज मला नेत. राखाडी रंगावर पांढरे फटकारे, एवढंच. काका डोळे मिटून म्हणत, “ऐक, ओरडताहेत.”

लिलावात काकांनी बोलीसाठी नंबराची पाटी वर केली. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनेही केली. ती चित्रावरून नजर हटवत नव्हती. काकांनी आपली पाटी मांडीवर पालथी घातली.

“अहो काका, बिड करा ना! जातंय ते!”

“जाऊ दे रे. पक्षीच ते.”

ते हसत होते.

घरी येऊन मी पत्र लिहिलं: “बाई, आज काकांनी आवडतं चित्र हसत जाऊ दिलं. मला कॉलेजला धाडताना माझी एसटी निघाली, तेव्हा तुम्हीही अशाच हसत होतात.”