दोन्ही पक्ष राजी

साक्षगंधाच्या दिवशी माझ्या बाबांनी पाहुण्यांसमोर एकच अट घातली. पोरगी नर्स आहे, लग्नानंतरही नोकरी सोडणार नाही. बुद्धवंदना आटोपली होती, पंगत बसायची होती. होणारे सासरे म्हणाले, "कबूल." मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि त्या एका शब्दावर लग्नाला उभी राहिले. नवरदेव दिसायला बरा होता, पण ते नंतरचं.

लग्न झालं आणि माझी बदली एटापल्लीच्याही पुढच्या एका उपकेंद्रात झाली. नवरा आरमोरीला मास्तर. तो सुटीत यायचा, तेही रस्ता चालू असला तर. नाले भरले की एसटी बंद, टपाल बंद, सगळंच बंद. दिवसभर बायका लेकरं घेऊन यायच्या, माझी मोडकी गोंडी ऐकून पोट धरून हसायच्या. संध्याकाळी त्या आपापल्या घरी गेल्या की मी एकटीच मोठ्यानं बोलायची, बहुतेक भांडायचीच. फार एकटं वाटायचं. पण नोकरी माझी होती आणि तिच्यासाठी शब्द घेतलेला होता.

दिवाळीनंतर एका दुपारी बसमधून बाबा आणि सासरे उतरले. मी हातातलं काम टाकून धावत गेले. कितीतरी दिवसांनी घरचं माणूस दिसत होतं. चहा ठेवला, बिस्किटं काढली, खुशालीचं विचारून झालं. मग सासरे म्हणाले, "आता राजीनामा देऊन टाक बाई. पोराच्या जेवणाचे हाल होऊन राह्यले."

पोराला दोन हात होते, पण ते मी गिळलं.

"मामाजी, साक्षगंधात ठरलं होतं ना? मंग तुमी एकट्यानं कसं बदलवता? दोघांनी ठरवलं, तर दोघांचीबी हो पायजे."

एवढं बोलून मी बाबांकडे पाहिलं. आता ते बोलतील अशी माझी खात्री होती. ते कपात पाहत होते.

"एकट्यानं कुठी?" सासरे बाबांकडे हात करून शांतपणे म्हणाले. "इवायाले विचारलं. त्यायनं हो म्हटलं."

"बाबा?"

"तू इथी जंगलात एकटी, मले झोप येत नाई. म्हणून म्हटलं हो."

"मंग मले काऊन नाई विचारलं?"

बाबांना खरंच कळेना. "तुले? तवा तरी कुठी विचारलं होतं?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. खरंच, अट घालताना आत येऊन मला कोणी काही विचारलं नव्हतं. करार दोन बापांचा होता. दोघांनी मिळून केला, दोघांनी मिळून बदलला, त्यात कुणालाच बोट ठेवायला जागा नव्हती. मी आपली उगीच स्वतःला त्यातला एक पक्ष समजत होते.

"मंग आता विचारा," मी म्हणाले.

मी बराच वेळ वाट पाहिली, अगदी हट्टानं. बाबांनी विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलंही असतं, इतकी मी त्या खोलीला कंटाळले होते. ते उठले, पिशवी घेतली आणि परतीची बस किती वाजता आहे, तेवढंच त्यांनी मला विचारलं.