काशीनाथांचं पोट आणि बाप्पाचे डोळे

काशीनाथ तांब्यांच्या मते रक्तदाब ही त्यांची वडिलोपार्जित मालमत्ता होती. गावची आंब्याची कलमं भावकीत गेली, घर थोरल्या भावाकडे, लवूकडे राहिलं आणि यांच्या वाट्याला आलं बापाचं प्रेशर. "आमच्या जीन्समध्येच आहे," असं ते आपल्या पूनम सागर वसाहतीत भेटेल त्याला रुबाबात सांगत आणि घरी येऊन भातावर खारा बांगडा घेत.

जवळच्याच हाटकेश भागातल्या एका गाळ्यात गणपतीचा कारखाना होता. रंगवणारे सातजण, पण मूर्तीचे डोळे गेली तीस वर्षं काशीनाथच आखत. यंदा त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला गेले तर बीपी एकशे नव्वद, म्हणून त्यांना तसंच परत पाठवलं. गणपती चार महिन्यांवर आलेले. आपला ब्रश दुसऱ्याच्या हाती जाणार या विचारानेच ते खचले.

मग बायकोने, मंदाने, त्यांना डॉक्टर नीलमकडे नेलं.

"काका, जीन्स असतात, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडू नका," नीलम म्हणाली. "पोटात चांगले जंतू असतात. डाळी, भाज्या, नाचणी मिळाली की ते जे बनवतात, त्याने रक्तवाहिन्या सैल राहायला मदत होते, असं संशोधनात दिसतंय. जास्त मिठाने त्यातले काही मरतात. थोडं आंबवलेलंही खा. आणि गोळी चुकवू नका."

एवढ्या पुराणातून काशीनाथांनी एकच शब्द उचलला, आंबवलेलं. सकाळी पेजेबरोबर लोणचं, दुपारी खारातली मिरची, रात्री बहिणीने पाठवलेला खारातला आंबा. "जंतूंना पंगत घातलीय," म्हणत ते तृप्त ढेकर देत. महिन्याने पुन्हा ऑपरेशनची तारीख आली. बीपी दोनशे.

मंदाने बरण्यांची नावं सांगितली तेव्हा नीलमने कपाळाला हात लावला. "काका, हे मिठात पुरलेलं आहे! पंगत कसली, तुम्ही त्यांचं तेरावं घातलंत."

काशीनाथांनी रागारागाने लवूला फोन लावला. चार वर्षांनी मोठा, बाप तोच, आणि बीपी एकशे तीस. खातो काय, तर नाचणीची आंबील, कुळथाची पिठी आणि परसातला पाला. खारं सणासुदीला. काशीनाथांना भयंकर अपमान वाटला. इतकी वर्षं मिरवलेला वारसा भावाने वापरलाच नव्हता.

त्यानंतरचे दोन महिने त्यांनी घर डोक्यावर घेतलं. अळणी आमटीला शिव्या दिल्या, कुळथाला शिव्या दिल्या, पण गिळलं सगळं. गोळीही वेळेवर घेतली. तिसऱ्या तारखेला बीपी एकशे चाळीस भरलं आणि ऑपरेशन झालं.

आठवड्याने काळा चष्मा काढून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. गेल्या वर्षीच्या घरच्या गणपतीचा फोटो होता. डोळे त्यांनीच आखलेले. ते जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. बाप्पा चक्क तिरळा होता.

"मंदा! हे तुला दिसलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

मंदा कुळीथ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुमचं प्रेशर वाढलं असतं ना."

काशीनाथ खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले, आणि डॉक्टरांनी डोळे चोळायला सक्त मनाई केली होती.